१८४७ चा उन्हाळा: आयर्लंडची भूक आणि मदतीच्या अटी

१९९७ च्या जून महिन्यात आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातल्या मिलस्ट्रीट या गावी महादुष्काळाच्या स्मरणार्थ एक कार्यक्रम झाला आणि तेथे ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या नावे एक निवेदन वाचून दाखवण्यात आले. पीक बुडण्यातून प्रचंड मानवी शोकांतिका घडत असताना त्या वेळचे लंडनचे राज्यकर्ते नुसते पाहत राहिले आणि आपल्या प्रजेच्या बाबतीत कर्तव्याला चुकले, असा त्याचा आशय होता. दीडशे वर्षांनंतर एवढी तरी कबुली मिळाली, याचे अनेकांना समाधान वाटले. मला मात्र हे वर्णन वस्तुस्थितीला धरून वाटत नाही, आणि ते राज्यकर्त्यांवर फार दया दाखवणारेही आहे. १८४५ ते १८५० या काळात लंडनचे सरकार पाहत बसलेले नव्हते. त्याने मका मागवला, लाखो माणसांना दुष्काळी कामांवर लावले, सूप शिजवून वाटले, एकामागून एक कायदे केले आणि अहवालांचे ढीग छापले. माणसे मेली ती मुख्यतः या मदतीला जोडलेल्या अटींपायी. हा आरोप मोठा आहे आणि त्याला पुरावा लागतो. तो १८४७ च्या उन्हाळ्यात सापडतो.

त्याआधी आयर्लंडच्या ग्रामीण गरिबाचे ताट पाहायला हवे. १८४१ च्या शिरगणतीनुसार आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती आणि त्यांपैकी तीसएक लाख माणसे जवळजवळ निव्वळ बटाट्यावर जगत होती. शेतात राबणारा पुरुष दिवसाकाठी पाच ते सहा किलो बटाटे खाई. जोडीला ताक, आणि किनाऱ्याकडच्या भागात कधीमधी खारवलेली मासळी. हा आहार एकसुरी होता, पण निकृष्ट नव्हता. बटाटा आणि ताक यांतून शरीराला लागणारे बहुतेक सारे मिळे, आणि सैन्यात भरती होणारे आयरिश तरुण इंग्रज तरुणांपेक्षा सरासरीने उंच भरत. आळशी माणसाचे आळशी पीक अशी या बटाट्याची हेटाळणी त्या काळी लंडनच्या वृत्तपत्रांत नित्य होत असे. त्यामागची जमीनव्यवस्था लक्षात घेतली की ती हेटाळणी किती अन्यायाची होती हे कळते. चांगल्या जमिनीत गहू, ओट आणि गुरांची चराई चाले आणि त्यांचे उत्पन्न खंड भरण्यासाठी बाजारात जाई. आपल्याकडच्या सालगड्याशी साम्य असलेल्या मजुराला मालकाकडून एक झोपडी आणि जमिनीचा लहानसा तुकडा मिळे व त्याचा खंड तो अंगमेहनतीने फेडी. ज्याला एवढाही आसरा नव्हता, तो एका हंगामापुरता खत घातलेला तुकडा जबर खंडाने घेई. एवढ्याशा जागेत कुटुंबाचे वर्ष काढून देणारे दुसरे पीकच नव्हते. डुक्कर पाळले जाई ते बटाट्याच्या सालींवर, आणि खंडाची तारीख आली की ते विकले जाई. या माणसाच्या हाती रोख पैसा क्वचितच पडे, कारण त्याचे अन्न त्याच्या वाफ्यात होते आणि बाजाराशी त्याचा संबंध खंडापुरताच येत असे.

भूक त्याला नवी नव्हती. बटाटा धान्यासारखा साठवता येत नाही. जुना बटाटा उन्हाळ्याच्या तोंडी संपे, नवा निघायला ऑगस्ट उजाडे, आणि मधल्या दिवसांना लोक ‘कोबीचा जुलै’ म्हणत, कारण तेव्हा कोबीची पाने उकडून पोट भरावे लागे. पुरुष कापणीच्या कामासाठी इंग्लंड-स्कॉटलंड गाठत आणि कित्येक घरांतल्या बायका झोपडी बंद करून मुलांसह भीक मागत रस्त्याला लागत. दुष्काळ पडण्याआधीच दर वर्षी लाखो माणसांचे काही आठवडे असे जात होते, हे पुढच्या साऱ्या चर्चेत विसरले जाते.

सप्टेंबर १८४५ मध्ये करपा आला. आपल्याकडे बटाटा आणि टोमॅटो लावणाऱ्या शेतकऱ्यांना जो उशिराचा करपा माहीत आहे, तोच हा रोग. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसारख्या जीवामुळे होणारा. गार, दमट हवेत तो पानांवर पसरतो आणि खाली मातीतला बटाटा काळा पडून सडतो. पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा ते निम्मे पीक गेले. १८४६ मध्ये जवळपास सगळेच गेले. १८४७ मध्ये रोगाचा जोर ओसरला होता, पण बेणेच खाऊन संपल्यामुळे लागवड १८४५ च्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकीच झाली होती. १८४८ मध्ये करपा पुन्हा पूर्ण जोमाने परतला. तो बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतही गेला, तेथेही हाल झाले, परंतु आयर्लंडच्या प्रमाणात माणसे कोठेही मेली नाहीत. १८५१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ६५ लाख ५२ हजारांवर आली होती. सुमारे दहा लाख माणसे मेली होती आणि तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली होती.

पहिल्या वर्षीचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी नोव्हेंबर १८४५ मध्ये बेअरिंग ब्रदर्स या पेढीमार्फत एक लाख पौंडांचा अमेरिकन मका गाजावाजा न करता खरेदी केला. हा मका कठीण कवचाचा होता, तो दळायला योग्य गिरण्या आयर्लंडमध्ये फारशा नव्हत्या, आणि अर्धाकच्चा खाल्ल्याने लोकांची पोटे बिघडत. तरीही त्या हंगामात उपासमारीचे मृत्यू फारसे झाले नाहीत. जून १८४६ मध्ये धान्य आयातीवरील जकातीचे कायदे रद्द करून घेताना पील यांचे सरकार पडले आणि लॉर्ड जॉन रसेल सत्तेवर आले. त्यांचे अर्थमंत्री चार्ल्स वुड आणि तिजोरी खात्याचे सहायक सचिव चार्ल्स ट्रेव्हेल्यन या दोघांच्या हाती पुढे दुष्काळाची सूत्रे राहिली. धान्याच्या व्यापारात सरकारने पडायचे नाही, मदत हवी असेल तर अंगमेहनतीच्या मोबदल्यात घ्यायची आणि खर्च शेवटी आयर्लंडच्याच जमीनमहसुलावर पडला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

दुष्काळी कामे निघाली. मार्च १८४७ मध्ये त्यांवर सात लाखांहून अधिक मजूर होते, म्हणजे त्यांच्या कुटुंबांसह देशाचा मोठा हिस्सा या मजुरीवर जगू पाहत होता. मजुरी मुद्दाम स्थानिक दरापेक्षा कमी ठेवलेली होती, साधारणपणे दिवसाला आठ-दहा पेन्स, आणि कामही उक्त्या मापाने मोजले जाई. म्हणजे जो अधिक भुकेला तो कमी खडी फोडणार, आणि जो कमी खडी फोडणार त्याच्या हाती कमी पैसे येणार. मक्याच्या पिठाचा भाव दरम्यान जवळपास दुपटीला गेला होता. त्यात तो हिवाळा विलक्षण कडाक्याचा ठरला. ऑक्टोबर १८४६ मध्ये कॉर्क परगण्यात कॅहेरा येथील रस्त्याच्या कामावर एक मजूर मेला. त्याला दोन आठवड्यांची मजुरी मिळालेली नव्हती. मृत्यूच्या चौकशीला बसलेल्या पंचांनी निर्णय दिला, की हा मृत्यू बांधकाम मंडळाच्या अक्षम्य हलगर्जीमुळे आलेल्या उपासमारीने झाला आहे. त्या गावच्या साध्या पंचांना जे दिसले, ते लंडनच्या खात्यांना दिसले नाही असे मी मानत नाही, कारण असे अहवाल रोजच्या टपालाने तिकडे जात होते.

त्याच भागातील साउथ रीन या वस्तीत डिसेंबरमध्ये कॉर्कचे एक दंडाधिकारी निकोलस कमिन्स गेले. जाताना त्यांनी पाच माणसांना उचलता येईल एवढा पाव बरोबर नेला होता. वस्ती ओसाड दिसली म्हणून ते एका झोपडीत शिरले. कोपऱ्यात घाणेरड्या गवतावर सहा सांगाडे पडलेले होते आणि त्यांच्यावर घोड्याच्या झुलीसारखे काहीतरी फाटके पांघरूण होते. मेलेली माणसे असावीत असे समजून ते जवळ गेले, तेव्हा त्यांना कण्हण्याचा आवाज आला. चार मुले, एक बाई आणि कधीकाळी पुरुष असलेले एक शरीर. सगळी तापाने फणफणलेली आणि जिवंत. काही मिनिटांत वस्तीतल्या अशाच दोनशे जणांनी कमिन्स यांना घेरले. त्यांनी हे सारे ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना पत्राने कळवले आणि २४ डिसेंबर १८४६ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ने ते छापले. तेव्हा आम्हाला माहीत नव्हते, हा बचाव नाताळच्या आदल्या दिवसापासून तरी कोणालाही उपलब्ध राहिलेला नाही.

निर्यातीचा प्रश्न येथे टाळता येत नाही, कारण आयरिश लोकस्मृतीत या दुष्काळाचे चित्र उपाशी गावांसमोरून बंदराकडे जाणाऱ्या धान्याच्या गाड्यांचे आहे. ते चित्र खोटे नाही. १८४६ च्या शरद ऋतूत यॉल आणि डनगार्व्हन या बंदरांत ओटची निर्यात अडवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते आणि सैन्याच्या पहाऱ्यात धान्य बाहेर गेले. नवा मका पोहोचण्याआधीच्या त्या चार-पाच महिन्यांत ते धान्य देशात राहिले असते तर असंख्य जीव तगले असते, असे माझे मत आहे. पण संपूर्ण वर्षाचा हिशेब पाहिला तर १८४७ मध्ये आयर्लंडमध्ये आलेले धान्य बाहेर गेलेल्या धान्याच्या कित्येक पट होते, आणि त्या वसंतानंतर भावही उतरले. तरीही लोक मरत राहिले. ज्याचा वाफा सडला त्याच्यापाशी स्वस्त पीठ घ्यायलाही पैसा नव्हता. निर्यातबंदी एवढा एकच उपाय होता असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. बाजारात धान्य असणे आणि ते मजुराच्या चुलीपर्यंत पोहोचणे यांत जे अंतर होते, ते सरकारलाच तोडावे लागणार होते.

आणि सरकारने ते एकदा तोडून दाखवले. दुष्काळी कामांवर अफाट खर्च होऊनही मृत्यू थांबत नाहीत हे कळल्यावर फेब्रुवारी १८४७ मध्ये थेट शिजवलेले अन्न फुकट देण्याचा कायदा झाला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आपल्या मदत समितीमार्फत आधीच सूपगृहे चालवून रीत घालून दिली होती. सुरुवात वाईट झाली: मार्चपासून कामावरचे मजूर कमी केले गेले आणि कित्येक विभागांत सूपगृहाची चूल पेटायला मे-जून उजाडला, त्या मधल्या खिंडीत अनेकांचा बळी गेला. पण जुलैच्या आरंभी रोज तीस लाखांहून अधिक माणसांना अन्न मिळत होते. पश्चिमेकडच्या काही तालुक्यांत दहांतली नऊ माणसे त्या रांगेत होती. पीठ घालून दाट केलेले सूप आणि पावाचा तुकडा, किंवा मक्याची घट्ट लापशी, असे त्याचे स्वरूप असे; नऊ वर्षांखालील मुलाला निम्मा वाटा. कोरडे पीठ दिले तर लोक ते विकतात म्हणून शिजवूनच द्यायचे असा नियम होता, आणि हाती भांडे घेऊन सर्वांदेखत तासन्‌तास उभे राहण्याची लाज लोकांना फार बोचे. ही तक्रार खरी होती. आहारही अपुरा होता, बटाट्यातले क जीवनसत्त्व त्यात नव्हते. तरीसुद्धा मृत्यूचे प्रमाण त्या उन्हाळ्यात स्पष्टपणे खाली आले.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पश्चिमेकडे रेल्वे नव्हती, अनेक भागांत धड रस्ते नव्हते, स्थानिक समित्या नवशिक्या होत्या, आणि तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या सरकारने काही महिन्यांत यंत्रणा उभी करून देशाच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्येला रोज जेवू घातले. या साऱ्याला सुमारे १७ लाख पौंड लागले. आधीच्या दुष्काळी कामांवर ४८ लाख खर्च झाले होते. म्हणजे माणसे जगवणारा उपाय माणसे मारणाऱ्या उपायाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात झाला होता. सरकारपाशी क्षमता नव्हती, माहिती नव्हती किंवा तो काळच वेगळा होता, असे जे सांगितले जाते त्याला हा उन्हाळा पुरेसे उत्तर आहे.

ऑगस्टच्या मध्यापासून सूपगृहे बंद होऊ लागली आणि ऑक्टोबरच्या आरंभी ती संपली. त्या वर्षीचा बटाटा निरोगी निघाला, एवढ्या आधारावर दुष्काळ सरला असे मानण्यात आले. किती एकरांत तो लावला गेला होता, हा प्रश्न सरकारच्या हिशेबात गौण ठरला. ट्रेव्हेल्यन यांनी १८४८ च्या आरंभी ‘एडिंबरो रिव्ह्यू’मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखात या आपत्तीकडे सर्वज्ञ आणि दयाळू ईश्वराची योजना म्हणून पाहिले आहे: आयरिश समाजातले जुने दुखणे यामुळे एकदाचे बरे होईल असा त्यांचा विश्वास होता. ते क्रूर स्वभावाचे होते असे मला वाटत नाही. ते अतिशय कष्टाळू, प्रामाणिक आणि धर्मभीरू अधिकारी होते. म्हणूनच त्यांच्याकडे अधिक काळजीने पाहावे लागते. फुकट अन्नाने माणूस बिघडतो, ही श्रद्धा एकदा मनात पक्की झाली की समोरचा मृत्यूही त्या माणसाच्या सुधारणेचा भाग वाटू लागतो, आणि प्रामाणिकपणा त्या माणसाला थांबवत नाही.

यापुढचा सगळा भार आयर्लंडच्या गरीब कायद्यावर टाकला गेला. १८३८ च्या कायद्याने देशाचे १३० विभाग पाडून प्रत्येकात एक वर्कहाऊस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न आणि आसरा देणारे गृह, बांधलेले होते, आणि त्यांचा खर्च त्याच विभागातल्या जमिनीवर बसवलेल्या गरीबपट्टीतून निघे. जेथे गरिबी जास्त तेथे पट्टी जास्त आणि ती भरण्याची ताकद कमी, हा त्यातला उघड दोष होता. जून १८४७ मध्ये या कायद्यात वर्कहाऊसबाहेरच्या मदतीची तरतूद करताना डब्लिनचे खासदार विल्यम ग्रेगरी यांनी सुचवलेले एक कलम घातले गेले: पाव एकरापेक्षा अधिक जमीन ज्याच्या ताब्यात आहे, त्याला सरकारी मदत मिळणार नाही. संसदेने ते भरघोस बहुमताने मान्य केले.

माझ्या दृष्टीने या दुष्काळाचे सर्वांत भीषण पान हे कलम आहे. आतापर्यंत माणसाला भुकेचा पुरावा म्हणून आपले श्रम द्यावे लागत होते. आता त्याला आपली जमीन द्यावी लागणार होती. तीन एकरांचा कूळ खंड थकलेला असताना मुलांसाठी लापशी मागायला गेला, की त्याने आधी जमीन मालकाच्या स्वाधीन केल्याचे सिद्ध करावे लागे. बरेच मालक नुसती जमीन परत घेऊन थांबत नसत, झोपडीही सोडायला लावत आणि माणसे बाहेर पडताच छप्पर उतरवत. त्याला दुसऱ्या एका नियमाची जोड होती. चार पौंड किंवा त्याहून कमी मूल्याच्या जमिनीवरची गरीबपट्टी कुळाऐवजी मालकाने भरायची होती. प्रत्येक लहान कूळ हा मालकाच्या डोक्यावरचा कर झाला आणि त्याला हुसकावणे हा कर चुकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग झाला. क्लेअर परगण्यातील किलरश येथे गरीब कायद्याचे निरीक्षक म्हणून गेलेले कॅप्टन आर्थर केनेडी यांनी जमीनदोस्त झालेल्या घरांचे आणि बेघर कुटुंबांचे अहवाल महिनोन्‌महिने पाठवले. अनेक कुळांनी हा सौदा नाकारला. ती जमीन धरून राहिली आणि तेथेच मेली, कारण जमीन गेली की पुढच्या वर्षीचे जगणेही गेले हे त्यांना ठाऊक होते. बापाने जमीन सोडली नाही तरी बायकामुलांना मदत देता येईल, असा खुलासा यायला मे १८४८ उजाडला. १८४१ मध्ये एक ते पाच एकरांची ३ लाख १० हजार शेते होती. १८५१ मध्ये ८८ हजार उरली.

या काळातील सरकारच्या बाजूने आजही जे मांडले जाते, त्यातले दोन मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत. १८४७ च्या शरद ऋतूत लंडनचा पैशाचा बाजार कोसळला होता, आणि इंग्लंडमधील करदात्यांत आयर्लंडविषयीची सहानुभूती आटली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण १८४५ ते १८५० या काळात ब्रिटिश तिजोरीने दुष्काळावर खर्च केलेली रक्कम ८० लाख पौंडांच्या आसपास होती आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग कर्ज म्हणून दिलेला होता. याच संसदेने १८३३ मध्ये वेस्ट इंडीजसारख्या वसाहतींतल्या गुलामांच्या मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर केले होते, आणि १८५४ पासूनच्या क्रिमियन युद्धावर सात कोटींच्या घरात खर्च करताना करदात्यांचा थकवा आड आला नाही. पैसा होता. तो कोणासाठी बाहेर काढायचा याचा निर्णय राजकीय होता.

दुसऱ्या टोकाला, हा ठरवून केलेला वंशसंहार होता असे म्हणणारा पक्ष आहे. ज्यांचे पूर्वज देश सोडणाऱ्यांच्या जहाजांतून गेले आणि कॅनडातल्या ग्रोस आयल बेटावर हजारोंनी पुरले गेले, त्यांचा संताप मला समजतो. तरी तीस लाखांना जेवू घालणाऱ्या सरकारवर सरसकट तो आरोप बसत नाही. आणि तो न बसल्यामुळे जणू कोणताच आरोप उरत नाही, असा समज होतो, ही त्याची मोठी हानी आहे. कोणाला मारण्याचा हेतू नसतानाही, मदतीवर अशा अटी घालता येतात की त्या पाळणारा उद्ध्वस्त व्हावा आणि न पाळणारा मरावा. त्या अटी घालणाऱ्याची जबाबदारी हेतू नव्हता म्हणून कमी होत नाही.

ही विचारसरणी आयर्लंडमध्येच थांबली नाही, म्हणून मराठी वाचकाने या इतिहासाकडे दूरचा म्हणून पाहू नये. ट्रेव्हेल्यन यांची नोकरी ईस्ट इंडिया कंपनीत सुरू झाली होती आणि पुढे ते मद्रासचे गव्हर्नर व नंतर कलकत्त्यास वित्त सदस्य झाले. चार्ल्स वुड म्हणजे १८५४ च्या ज्या ‘वुडच्या खलित्या’बद्दल आपण शाळेत शिकतो, तेच. १८५९ पासून सात वर्षे ते भारतमंत्री होते. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी जेमतेम एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. मजुरी इतकी कमी ठेवा की खरा गरजूच येईल, हे तत्त्व कॅहेराच्या रस्त्यावर वापरून झाले होते.

उलट दिशेचे धागेही आहेत. आयर्लंडसाठी पहिल्या मोठ्या वर्गण्यांपैकी एक कलकत्त्यातून गेली होती, सुमारे १४ हजार पौंडांची. आणि दुष्काळात क्वेकर समितीच्या वतीने पश्चिमेकडे फिरून परिस्थिती पाहणारे डब्लिनचे मुद्रक रिचर्ड वेब यांचे पुत्र अल्फ्रेड वेब १८९४ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

१८४८ आणि १८४९ या दोन्ही वर्षी वर्कहाऊसबाहेरची मदत घेणारी माणसे आठ लाखांच्या घरात होती आणि पश्चिमेकडचे विभाग दिवाळखोर झाले होते. तेव्हा लंडनने उपाय काढला तो असा, की आयर्लंडच्या इतर विभागांवर जादा पट्टी बसवून मेयो आणि गॉलवे जगवावेत. १८०१ पासून हे सारे एकच संयुक्त राज्य असेल तर हा भार इंग्लंडमधल्या यॉर्कशायरवर का पडू नये आणि आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टरवरच का पडावा, या प्रश्नाला कोणी समाधानकारक उत्तर दिले नाही. आयर्लंडचे मुख्य गरीब कायदा आयुक्त एडवर्ड ट्विसल्टन यांनी या पट्टीच्या निषेधार्थ राजीनामा दिला, आणि संसदीय समितीपुढे सांगितले, की त्या वर्षी आयर्लंडमध्ये एकाही माणसाने उपासमारीने मरण्याचे कारण नाही, त्याला लागणारी रक्कम देशाच्या मानाने क्षुल्लक आहे. २६ एप्रिल १८४९ रोजी आयर्लंडमधील राणीचे प्रतिनिधी लॉर्ड क्लॅरेंडन यांनी पंतप्रधान रसेल यांना पत्र लिहिले. पश्चिम आयर्लंडमध्ये आज चाललेल्या हालांकडे असे दुर्लक्ष करील, किंवा माणसे नामशेष करणारे धोरण इतक्या थंडपणे चालवीत राहील, असे दुसरे विधिमंडळ युरोपात असेल असे मला वाटत नाही, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. हे शब्द कोणा बंडखोराचे नाहीत. त्याच सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने त्याच सरकारच्या प्रमुखाला ते लिहिले होते, आणि पाव एकराचे कलम त्यानंतरही कायद्यात राहिले.